विटेनबर्गची पायी सहल : दारासमोर कमी, वेदीसमोर जास्त थांबा

माझं माहेर नगरचं, प्रोटेस्टंट. सासर वसईचं, कॅथलिक. लग्नाला अकरा वर्षं झाली. वसईला रविवारी मिस्साला सगळे ख्रिस्तप्रसादासाठी रांगेत उभे राहतात, तेव्हा मी बाकावर बसून असते. नगरला आमचे पाळकसाहेब बाप्तिस्मा झालेल्या सर्वांना प्रभुभोजनाला, म्हणजे आमच्याकडच्या त्याच विधीला, बोलावतात, तेव्हा नवरा बसून असतो. त्यामुळे सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने जिथून प्रोटेस्टंट चळवळ सुरू केली त्या जर्मनीतल्या विटेनबर्गला जायचं ठरलं तेव्हा ते आमच्यासाठी नुसतं फिरणं नव्हतं.

नणंद बर्लिनला नर्स आहे. तिनेच ही इंग्रजीतली दोन तासांची पायी सहल बुक केली, माणशी १५ युरो. बर्लिनहून जलद गाडीने पाऊण तासात पोचलो. गटात आम्ही अकराजण. मार्गदर्शक बाई सत्तरी ओलांडलेल्या, पूर्व जर्मनीच्या राजवटीत वाढलेल्या. आवाज खणखणीत, चाल आमच्यापेक्षा जोरात. नणंदेने त्यांना विचारलं, तुम्ही कुठल्या चर्चच्या? त्या म्हणाल्या, कुठल्याच नाही, इथले बहुतेक लोक कुठल्याच चर्चचे नाहीत. ते ऐकून मला वाईट वाटलं. ज्या गावाने जगभरच्या मंडळ्यांना जन्म दिला, त्या गावात असं.

ल्यूथरच्या घरापासून निघून, त्याचा सहकारी मेलांख्थॉन याच्या घरावरून, बाजारचौकातून किल्ल्याच्या चर्चपर्यंत असा सरळ रस्ता आहे. दगडी फरसबंदी आहे, चांगले बूट घाला. नव्वद टक्के प्रवासी येतात ते किल्ल्याच्या चर्चच्या दारासाठी, आणि सहलीनेही तिथेच पाऊण तास घालवला. ल्यूथरच्या काळचं लाकडी दार १७६० साली सात वर्षांच्या युद्धात जळालं. आता आहे ते १८५८ सालचं काशाचं, त्यावर पापक्षमापत्रांच्या विक्रीविरुद्धचे ल्यूथरचे ९५ प्रबंध लॅटिनमध्ये कोरलेले. १५१७ मध्ये ल्यूथरने स्वतः हातोडा घेऊन कागद ठोकला की नाही यावर अभ्यासकांचं एकमत नाही, हे बाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं. आत व्यासपीठाखाली ल्यूथरची कबर आहे. तिच्याजवळ मी उभी राहिले आणि आजीच्या आवाजात स्तोत्रं ऐकू आल्यासारखं झालं. पण खरा ठेवा अलीकडे, चौकाजवळच्या गावच्या चर्चमध्ये आहे, आणि तिथे आम्हाला जेमतेम पंधरा मिनिटं मिळाली होती. हा सहलीचा मोठा दोष.

त्या चर्चच्या वेदीवर चित्रकार क्रानाख बापलेकांच्या कारखान्यातलं चित्र आहे, १५४७ सालचं. ल्यूथर वारला त्याच्या दुसऱ्या वर्षीचं. खरी मंडळी कशाने ओळखायची, याचं उत्तर ह्या चित्रात रंगवून ठेवलंय. १५३० च्या ऑग्जबर्ग कबुलीजबाबाच्या, म्हणजे लूथरनांच्या विश्वासाच्या जाहीर निवेदनाच्या, सातव्या कलमात जे शब्दांत आहे तेच इथे डोळ्यांसमोर येतं : जिथे शुभवर्तमान शुद्धपणे शिकवलं जातं आणि बाप्तिस्मा, प्रभुभोजन हे संस्कार योग्य रीतीने दिले जातात, तिथे मंडळी. डाव्या भागात मेलांख्थॉन बाळाला बाप्तिस्मा देतोय. मधे गोल मेजाभोवती प्रभुभोजन, आणि त्यात ल्यूथर हातात प्याला घेतोय. शेकडो वर्षं सामान्य भाविकाला फक्त भाकर मिळत होती, प्याला धर्मगुरूंपुरता. तो इथे परत सगळ्यांच्या हाती आलाय. उजवीकडे बुगेनहागेन, ह्याच चर्चचा पाळक. त्याच्या दोन हातांत दोन चाव्या, पापं सोडायच्या आणि बांधायच्या अधिकाराच्या. एकाला क्षमा करतोय, दुसऱ्याला परत पाठवतोय.

खालच्या आडव्या पट्टीत एका टोकाला ल्यूथर व्यासपीठावर, डावा हात उघड्या शास्त्रावर, उजवा हात समोर रोखलेला. दुसऱ्या टोकाला बायाबापड्या, पोरंबाळं. मधे क्रुसावरचा ख्रिस्त, आणि मागे नुसती दगडी भिंत. ना मूर्ती, ना मेणबत्ती, ना पोप, ना बिशप. वचन सांगणारा, ऐकणारे, आणि मधे तो. मी लहानपणापासून हेच शिकले, पण इतकं उघडं कधी पाहिलं नव्हतं.

बाईंनी एक गोष्ट फार छान सांगितली : मेलांख्थॉनची पाळकपदाची दीक्षा कधी झालीच नव्हती. तो विद्यापीठातला प्राध्यापक. तरी चित्रकाराने बाप्तिस्मा त्याच्या हातून दाखवला. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "त्यात काय? अडचणीच्या वेळी कुणीही दिलेला बाप्तिस्मा आम्हीही मानतो. माझं बोट त्या चाव्यांवर आहे."

त्याचं म्हणणं असं. 'ह्या खडकावर मी आपली मंडळी रचीन' हे मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूने आपल्या शिष्याला, पेत्राला सांगितलं, आणि चाव्याही पेत्रालाच दिल्या. पेत्रापासून एकाने दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवत ठेवत बिशपांची जी साखळी आली, ती जिथे तुटली तिथे मिस्साही तुटते. "बुगेनहागेनच्या हातात चाव्या कुणी दिल्या?" माझं उत्तर मत्तयाच्याच अठराव्या अध्यायात : बांधायचा आणि सोडायचा अधिकार तिथे सगळ्या शिष्यांना दिलाय. ल्यूथरही तेच म्हणायचा, चाव्या मंडळीच्या आहेत. गंमत नाही ही, आमच्या घरातल्या मराठीतही तीच फूट आहे. मी 'मंडळी' म्हणते, सासरचे 'ख्रिस्तसभा' म्हणतात. ल्यूथरनेही बायबलचं जर्मन करताना ह्या खडकाच्या वचनात 'चर्च'साठीचा रूढ शब्द टाळून 'गेमाइने', म्हणजे जमलेले लोक, असाच शब्द घातला. आमच्या जुन्या मराठी भाषांतरकारांना 'मंडळी' सुचली, त्याचं मोल मला तिथे उभं राहून कळलं.

आता दुसरी तक्रार, आणि ही मनाला लागली. बाहेर पडताना बाई म्हणाल्या, "कॅथलिकांसाठी चर्च म्हणजे पोप, ल्यूथरसाठी चर्च म्हणजे माणसं." नवरा गप्प राहिला, पण त्याचा चेहरा उतरला. हे चुकीचं आहे, आणि पैसे घेऊन सांगायचं तर नीट सांगायला हवं. १९६४ साली व्हॅटिकन परिषदेने ख्रिस्तसभेवर जो दस्तऐवज काढला, त्यात देवाच्या प्रजेवरचं प्रकरण आधी येतं आणि बिशपांवरचं नंतर. ख्रिस्ताची सभा कॅथलिक सभेत नांदते, पण पवित्रतेची आणि सत्याची कितीतरी अंगं तिच्याबाहेरही आहेत, असं त्यात स्पष्ट आहे. १९९९ मध्ये तर रोम आणि लूथरन यांनी ऑग्जबर्गलाच, ३१ ऑक्टोबरला, विश्वासाने नीतिमान ठरण्याच्या प्रश्नावरच्या संयुक्त घोषणेवर सही केली.

जखमाही सांगाव्यात, दोन्हीकडच्या. २००० साली रोमहून पत्रक निघालं की ज्यांच्याकडे प्रमाण बिशपपद आणि मिस्साचं पूर्ण तत्त्व नाही, ते समाज खऱ्या अर्थाने चर्च नव्हेत. ते वाचलं तेव्हा नगरच्या आमच्या बाकावर बसून पन्नास वर्षं प्रार्थना केलेली आजी डोळ्यांसमोर आली होती. आणि ल्यूथरने १५३७ मध्ये लिहिलं, ते (म्हणजे पोपचे अनुयायी) चर्च आहेत हे आम्ही मान्य करत नाही, आणि ते नाहीतच. त्यापुढेच त्याचं ते गोड वाक्य येतं की चर्च म्हणजे काय हे सात वर्षांचं पोरही जाणतं : मेंढपाळाचा आवाज ऐकणारी मेंढरं. बाईंनी गोड वाक्य सांगितलं, आधीचं गाळलं.

माझी मंडळी बिशपाशिवाय वाढलेली. १८३१ मध्ये अमेरिकन मिशन नगरला आलं तेव्हापासून पाळक आणि पंच मिळून कारभार. १९७० साली नागपूरला उत्तर भारतातल्या सहा मंडळ्या एक झाल्या, तेव्हा आमच्यासारख्यांनी बिशप स्वीकारले. एकीसाठी ही जुनी रीत आम्ही घेतली, हे मी नवऱ्याला त्या चौकातल्या बाकावर बसून सांगितलं. त्याला हे माहीत नव्हतं. अकरा वर्षांत आमचं हे बोलणं झालंच नव्हतं.

तर : सहल घ्या, गावाची ओळख चांगली होते. पाचपैकी साडेतीन तारे. पण परतीची गाडी उशिराची ठेवा आणि सहल संपल्यावर गावच्या चर्चमध्ये एकटे परत जा. आम्ही तासभर बसलो. वेदीच्या मागेही जाऊन बघा, तिथेही चित्रं आहेत.

निघताना नवऱ्याने वेदीचित्राचं पोस्टकार्ड घेतलं. वसईला आल्यावर ते घरच्या आल्तारावर, मरियामातेशेजारी टेकवून ठेवलं. सासूबाईंनी चष्मा लावून पाहिलं आणि विचारलं, "हा चाव्यावाला पेत्र ना गं?"

"नाही आई," मी म्हणाले, "हा तिथला पाळक."

त्यांनी आणखी थोडा वेळ पाहिलं, आणि कार्ड होतं तिथेच राहू दिलं.