एलीचे घर की यहेज्केलचे मेंढपाळ?

भ्रष्ट धर्मपुढाऱ्यांवर देव न्याय कसा करतो, हा विषय बायबल अभ्यासाला घ्यायचा ठरला की बहुधा जुन्या करारातल्या दोन उताऱ्यांपाशी गाडी अडते: 1 शमुवेल 2 ते 4, म्हणजे याजक एली आणि त्याच्या मुलांची गोष्ट, आणि यहेज्केल 34, म्हणजे संदेष्ट्याने स्वार्थी मेंढपाळांवर ओढलेले ताशेरे. मलाखीचा दुसरा अध्यायही तोडीचा आहे, पण तो एका बैठकीत उरकतो.

यहेज्केलचे शब्द काळजाला भिडतात. मेंढपाळ लोकर पांघरतात, पुष्ट मेंढरे कापून खातात, पण जखमीला पट्टी बांधत नाहीत की हरवलेल्याला शोधत नाहीत. अडचण एकच, पण ती प्रत्येक वेळी आडवी येते. मराठी ख्रिस्ती मंडळीत धर्मगुरूला आपण ‘पाळक’ म्हणतो. उतारा वाचून होईपर्यंत प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे आपापला पाळक उभा राहतो आणि मग चर्चा तिथून हलत नाही. मुळात त्या काळी ‘मेंढपाळ’ म्हणजे आधी राजा. 23व्या वचनात नवा मेंढपाळ म्हणून दाविद राजाचे नाव येते ते त्यामुळेच. हे समजावण्यातच अर्धी बैठक जाते.

शमुवेलमध्ये माणसे नावानिशी आहेत आणि गुन्हा थेट याजकांचाच आहे. शिलो येथील पवित्रस्थानात अर्पणाचे मांस शिजत असताना एलीची याजक मुले हफनी आणि फिनहास यांचा चाकर तीन दातांचा काटा भांड्यात खुपसतो आणि वर येईल ते याजकासाठी नेतो. नियमशास्त्राने याजकाला ऊर आणि उजवी मांडी ठरवून दिली होती, चरबी मात्र परमेश्वराची. ती वेदीवर जळण्याआधीच चाकर कच्चे मांस मागतो. अर्पण करणारा साधा माणूस म्हणतो, “आधी चरबी जळू दे, मग हवे ते घे.” उत्तर येते, “आत्ताच दे, नाहीतर जबरदस्तीने घेईन.” इथे थोडे थांबावे. याजकाच्या घरापेक्षा भक्ताला नियम जास्त कळतो आहे.

एली मुलांना बोलतो, आवरत मात्र नाही. तिसऱ्या अध्यायाच्या तेराव्या वचनातला (3:13) ठपका नेमका याचाच आहे. गट शिकलेला असेल तर हिब्रूतला एक धागा जरूर दाखवावा. 2:30 मधले ‘माझा सन्मान करतील त्यांचा मी सन्मान करीन’, 4:18 मधले एलीचे ‘जड’ शरीर आणि एलीच्या नातवाच्या ईखाबोद या नावातले ‘वैभव’ हे तिन्ही शब्द एकाच धातूचे आहेत. अर्पणातल्या उत्तम भागांवर पुष्ट झाल्याचा ठपका 2:29 मध्ये एलीच्या घरावर येतो, आणि 98 वर्षांचा एली जड शरीरानिशी आसनावरून मागे पडून मान मोडून मरतो. त्याच दिवशी पलिष्ट्यांशी झालेल्या लढाईत दोन्ही मुले पडतात आणि कराराचा कोश, म्हणजे देवाच्या उपस्थितीची खूण असलेली पेटी, शत्रूच्या हाती जातो.

शमुवेलमध्येही एक अवघड जागा आहे. त्या लढाईत 30,000 पायदळ मरते, आणि पुढाऱ्यांच्या पापाची झळ लोकांना का, असे कोणीतरी विचारणारच. तो प्रश्न टाळू नये, त्याला वेगळा अर्धा तास ठेवावा.

एकच बैठक हाताशी असेल तर यहेज्केल घेतला तरी हरकत नाही. तीन-चार बैठका असतील तर शमुवेलपासून सुरुवात करावी आणि शेवटी यहेज्केलची 17 ते 22 वचने वाचावीत. तिथे देव मेंढपाळांना सोडून मेंढरांकडे वळतो आणि दुबळ्यांना खांद्याने ढकलणाऱ्या, पाणी गढूळ करणाऱ्या पुष्ट मेंढरांचाही न्याय करतो.