लोकांची प्रतिक्रिया मोजून देणारी सेवा: पडत्या काळातल्या प्रचारात सहा आठवडे वापरल्यावर

साहेब हरले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचताना कुणी निकालाची वाट बघत बसणार नाही. सेवा चांगली की वाईट, हेही निकालावरून ठरवू नका. अवघड दिवसांत सापडलेल्या नेत्याबद्दल लोकांना नेमकं काय वाटतंय, हे आम्हाला या सेवेतून कळलं का, एवढाच माझा प्रश्न आहे. त्याचं उत्तर असं, की कळलं, पण ज्या भागाचं सगळ्यात जास्त कौतुक सांगितलं गेलं होतं त्यातून नाही.

मी अकरा वर्षं साहेबांच्या प्रचार कार्यालयात लोकांचं म्हणणं गोळा करायचं काम केलं. सभा सुटली की कार्यकर्त्यांना फोन लावायचे, आलेली पत्रं वाचायची, आणि रात्री दोन पानं लिहून साहेबांच्या टेबलावर ठेवायची. चांगल्या दिवसांत ती दोन पानं पुरत. या वेळी मधल्या काळात दोन निर्णय फसलेले, जवळची चार माणसं सोडून गेलेली, सभेत मागच्या खुर्च्या रिकाम्या. अशा वेळी कार्यकर्तेसुद्धा खरं सांगायला कचरतात. ‘वातावरण ठीक आहे ताई’ हे वाक्य मी एका आठवड्यात इतक्यांदा ऐकलं, की बाहेरचं कुणीतरी मोजणारं हवं असं मीच बैठकीत म्हणाले. म्हणून ही सेवा घेतली. कंपनीचं नाव देत नाही. याच धर्तीची सेवा बऱ्याच कंपन्या देतात आणि पुढचे बहुतेक दोष तुम्हाला त्यांच्याकडेही भेटतील.

सेवेत तीन गोष्टी येतात. समाजमाध्यमांवरच्या कॉमेंट वाचून त्यांची हिरवी (पसंतीची), लाल (नापसंतीची) आणि करडी (धड ना ही ना ती) अशी वर्गवारी करणारं सॉफ्टवेअर. भाषण चालू असताना प्रेक्षकांच्या प्रतिसादाचा क्षणाक्षणाचा आलेख. आणि रोजचा फोन सर्व्हे, ज्याच्या शेवटी एक मोकळा प्रश्न असतो आणि समोरच्याची परवानगी घेऊन उत्तर रेकॉर्ड केलं जातं. या सगळ्याचा रिपोर्ट सकाळी सहाला येतो. सहा म्हणजे सहाच. बेचाळीस दिवसांत एकदाही उशीर झाला नाही.

रिपोर्टच्या माथ्यावर एक आकडा असतो, निव्वळ पसंती. पसंत करणाऱ्यांच्या टक्क्यांतून नापसंत करणाऱ्यांचे टक्के वजा करायचे. आमचा आकडा पहिल्या दिवसापासून शून्याच्या खालीच होता. त्याचं मला दुःख झालं, धक्का नाही बसला. धक्का बसला तो कॉमेंटचा भाग उघडून बघितल्यावर.

तिसऱ्या दिवशी मी त्यातल्या तीनशे कॉमेंट छापून घेतल्या आणि कार्यालयातल्या दोन मुलांना बरोबर घेऊन हाताने तपासायला बसले. ‘वा साहेब, एवढंच बघायचं राहिलं होतं’ ही हिरव्यात. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ असं साहेबांच्या फोटोखाली कुणीतरी लिहिलेलं, तेही हिरव्यात, कारण बहुधा ‘भावपूर्ण’ आणि ‘श्रद्धा’. हात जोडल्याचं चिन्ह असलेली प्रत्येक कॉमेंट हिरव्यात, मग त्या माणसाने आदराने हात जोडलेले असोत की ‘आता पुरे करा’ म्हणून. उलट ‘नाद नाही करायचा’ ही आमच्याच पोरांची शाबासकी लालमध्ये, ‘नाही’ दिसलं म्हणून. रोमन लिपीत टाइप केलेलं मराठी तर जवळजवळ सगळं करड्यात ढकललेलं, आणि तरुण मुलं लिहितात ती मुख्यतः तसंच. मी हे कंपनीला कळवलं. त्यांनी शब्दांची यादी मागितली, मी दिली, पुढच्या आठवड्यात थोडा फरक पडला. टोमणा मात्र शेवटपर्यंत त्यांना पकडता आला नाही. आपल्याकडे अर्धा राग टोमण्यातून निघतो. तो ज्याला कळत नाही, त्याला लोकांचं म्हणणं कळलं असं कसं म्हणायचं?

वर्गवारी उद्या अचूक झाली तरी एक अडचण उरेलच. कॉमेंट कोण लिहितं? ज्याला फार आवडलंय किंवा फार खुपलंय तो. अमेरिकेत 1936 साली राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने लोकांचा कल बघायला एक कोटीहून जास्त जणांना नमुना मतपत्रिका पाठवल्या होत्या. वीस लाखांहून जास्त परत आल्या आणि त्यावरून त्यांनी आल्फ लँडन जिंकणार असं छापलं. प्रत्यक्षात तेव्हाचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी 48 पैकी 46 राज्यं घेतली. पत्ते टेलिफोनच्या आणि मोटारींच्या याद्यांतून घेतले होते, म्हणजे खाऊनपिऊन सुखी लोकांचे, हे कारण सगळे सांगतात. दुसरं कारण मला आमच्या कामाला जास्त जवळचं वाटतं. रूझवेल्टवर चिडलेल्यांनी मतपत्रिका जास्त उत्साहाने परत पाठवल्या. ज्यांचं बरं चाललं होतं ते गप्प बसले. वीस लाख उत्तरं हातात असूनही चूक झाली, कारण उत्तर न देणाऱ्यांचा विचारच झाला नाही. आमच्या रिपोर्टमध्ये ‘आज 14 हजार प्रतिक्रिया’ असं मोठ्या टायपात यायचं तेव्हा मला हे आठवायचं.

भाषणाचा आलेख दिसायला देखणा आहे, उपयोग थोडा. टाळ्यांच्या वाक्यावर वर जातो, आकडेवारी आली की खाली. हे व्यासपीठाच्या कडेला उभं राहूनही कळतं.

आता फोन सर्व्हेबद्दल. या एका भागासाठी मी हा सगळा लेख लिहायला घेतला.

तिसऱ्या आठवड्यात साहेबांनी एका सभेत लिहिलेलं भाषण बाजूला ठेवलं आणि म्हणाले, ‘त्या वेळी माझं चुकलं. तुम्ही सांगत होता, मी ऐकलं नाही.’ सभेत टाळ्या पडल्या नाहीत. रात्रीपर्यंत कॉमेंटचा पूर आला, शिव्या, खिल्ली, जुने व्हिडिओ. सकाळी सहाच्या रिपोर्टमध्ये पान लालभडक, निव्वळ पसंती आणखी घसरलेली. सल्लागारांनी सकाळच्या बैठकीत ठरवून टाकलं की माफीचा विषय पुन्हा काढायचा नाही.

मी त्या दिवशीची फोनची रेकॉर्डिंग ऐकत बसले. आधीच्या दोन आठवड्यांत मोकळ्या प्रश्नावर लोक अर्ध्या मिनिटात फोन ठेवत. ‘चांगलं आहे, चालू द्या.’ ‘बघू.’ ‘शुभेच्छा त्यांना.’ सर्व्हेवाल्यांनी यातली बरीच उत्तरं ‘सकारात्मक’ धरली होती. माफीनंतरच्या दिवशी तेच कॉल चार-चार, पाच-पाच मिनिटांचे झाले होते. एक बाई तावातावाने म्हणत होत्या, ‘एवढा उशीर? दोन वर्षं आम्ही काय भिंतीशी बोलत होतो?’ आणि मग थांबून, ‘पण बोलले तरी.’ एक गृहस्थ इतके संतापलेले होते की फोन करणारी मुलगी घाबरली असावी. पण फोन त्यांनी ठेवला नाही, उलट तिला विचारलं, ‘हे त्यांच्यापर्यंत जाणार आहे ना?’ हे दोन्ही कॉल रिपोर्टमध्ये ‘नकारात्मक’ होते.

मी त्या दिवशी अक्षरशः रडले, पण समाधानाने. ‘शुभेच्छा त्यांना’ म्हणणारा माणूस आपल्याला सोडून गेलेला असतो, भांडायचीही त्याची इच्छा उरलेली नसते. पाच मिनिटं ओरडणारा अजून हिशोब मागतोय, म्हणजे नातं शिल्लक आहे. सेवेने पहिल्याला हिरवा रंग दिला आणि दुसऱ्याला लाल, आणि आमच्या बैठकीने त्या रंगांवर निर्णय घेतला. पुढचे दोन आठवडे साहेब त्या विषयावर एक शब्द बोलले नाहीत. कॉल पुन्हा आखूड होत गेले.

2017 साली ब्रिटनमध्ये तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी मोठी आघाडी हातात असताना निवडणूक लावली होती. वृद्धांच्या देखभालीच्या खर्चाबद्दलचं जाहीरनाम्यातलं वचन लोकांना झोंबलं, चार दिवसांत त्यांनी ते बदललं, आणि वर ‘काहीही बदललेलं नाही’ असं पत्रकारांना ठासून सांगितलं. शेवटी 650 पैकी 317 जागांवर थांबल्या, बहुमत गेलं. त्या निवडणुकीत कारणं पुष्कळ होती, सगळं एका वाक्यावर ढकलत नाही. पण बदलही करायचा आणि मान्यही करायचं नाही, याने लोक जितके दुखावतात तितके ते उघड चूक कबूल केल्याने दुखावत नाहीत, असं मला या रेकॉर्डिंगमुळे ठामपणे वाटू लागलंय.

अजून एक गोष्ट फक्त आवाजातून कळते. काही जण साहेबांना मत देणार असं सांगताना आवाज खाली आणायचे. घरातलं दुसरं कुणी ऐकेल म्हणून, किंवा हरणाऱ्याच्या बाजूने आहोत हे सांगायची लाज म्हणून. ब्रिटनमध्ये 1992 साली असंच झालं होतं. चाचण्या त्रिशंकू संसद सांगत होत्या आणि पंतप्रधान जॉन मेजर बहुमताने परत आले. नंतरच्या चौकशीत जी कारणं पुढे आली त्यात मत सांगायला संकोचणारे मतदार हे एक होतं. कागदावर ‘सांगता येत नाही’ असं उमटणारी सगळी माणसं कुंपणावरची नसतात.

फोन सर्व्हेचेही दोष आहेत, ते लपवत नाही. आठवड्याला साधारण हजार लोक होतात. नीट यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकून काढल्यासारखे निवडलेले हजार असतील तर वर-खाली तीन टक्क्यांची चूक धरून चालता येतं. पण रिपोर्टमध्ये तेच हजार भागांनुसार, वयानुसार, व्यवसायानुसार चिरून दाखवतात, आणि एकेका चौकटीत साठ माणसं उरतात. साठ माणसांवर हीच वर-खाली होणारी चूक तेरा टक्क्यांपर्यंत जाते. ‘तरुण महिलांमध्ये सात टक्के वाढ’ अशी ओळ बघून आमच्याकडे एकदा दोन सभांची ठिकाणं बदलली गेली. त्या सात टक्क्यांना काही अर्थ नव्हता. कंपनीने त्या ओळीखाली माणसांची संख्या छापायला हवी होती. मी मागितल्यावर दिली, पण मागावी लागली.

सगळ्यात मोठी तक्रार वेगळीच. मतदानाला आठ दिवस उरले असताना फोन बंद झाले. करारात तसंच लिहिलेलं होतं, आम्हीच नीट वाचलं नव्हतं. उरलेले आठ दिवस जुन्या कॉलवर आधारलेला आकडा रोज सकाळी येत राहिला, नुसती तारीख नवी. 1948 मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या चाचण्या अशाच लवकर थांबल्या होत्या. चाचण्या घेणारे एल्मो रोपर यांनी तर सप्टेंबरमध्येच विरोधी उमेदवार ड्यूई जिंकल्यात जमा धरून आकडे देणं थांबवलं. तेव्हाचे अध्यक्ष ट्रूमन आगगाडीने गावोगाव फिरत होते, गर्दी वाढत होती, आणि ती मोजायला कुणी नव्हतं. निकाल लागला तेव्हा ट्रूमन यांच्याकडे 303 प्रतिनिधी-मतं (राज्यांच्या वाट्याची, अध्यक्ष निवडणारी मतं) होती, ड्यूई यांच्याकडे 189. आमचे साहेब ट्रूमन नव्हेत, मला माहीत आहे. पण शेवटच्या आठवड्यात ते पुन्हा पायी फिरले, लोकांसमोर थांबून ऐकून घेतलं, आणि त्याचं काय झालं हे मला आकड्यांतून कधीच कळणार नाही. याची हळहळ अजून जात नाही.

आणि एक सूचना कार्यालयांसाठी. या सेवेत रिपोर्टची छोटी आवृत्ती बनवायची सोय आहे. कुठली पानं ठेवायची ते वापरणारा ठरवतो. आमच्याकडे साहेबांसाठी रोज अशी आवृत्ती बनत होती आणि तीत लाल पानं नसायची. मला हे पाचव्या आठवड्यात कळलं. करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, दिवसाच्या सुरुवातीला साहेबांचं मन खचू नये एवढंच. पण ज्याच्यासाठी हे सगळं मोजलं त्यालाच ते दिसत नव्हतं. मी त्या दिवशी तीन रेकॉर्डिंग फोनमध्ये घेऊन गेले आणि गाडीत त्यांना ऐकवली. त्या बाईंचा ‘पण बोलले तरी’ त्यांनी दोनदा ऐकला. शेवटच्या आठवड्यातलं पायी फिरणं त्यानंतरचं.

मदत कक्ष चांगला आहे. रात्री अकराला माणूस फोन उचलतो आणि चूक मान्य करतो. रेकॉर्डिंग ठरलेल्या मुदतीत पुसून टाकतात आणि त्याचा लेखी पुरावा देतात, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. लोक आपल्याला विश्वासाने काहीतरी सांगतात.

घ्यायची असेल तर कॉमेंटचा भाग सोडा, आलेख सोडा, फोन सर्व्हे तेवढा घ्या आणि रोज निदान वीस कॉल स्वतः ऐका, रंग न बघता. पुढच्या वेळेसाठी मी कंपनीकडे हेच मागितलंय, शिवाय प्रत्येक कॉलची लांबी वेगळ्या रकान्यात. रकाना द्यायला ते तयार आहेत. मतदानाच्या आदल्या दिवसापर्यंत, नियमात बसेल तिथवर, फोन चालू ठेवायला अजून तयार नाहीत, म्हणून सही थांबली आहे.