तिरफळ : आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या ऑक्टोबरमध्ये मी तिरफळ या मसाल्याची १०० ग्रॅम सुकी फळे आणली आणि तेव्हापासून आठवड्यातून किमान दोनदा ती माझ्या स्वयंपाकात असतात. सुरुवात वाईट झाली. ओल्या खोबऱ्याच्या वाटणात मी ती बियांसकट बारीक वाटली आणि बांगड्याची सगळी आमटी कडू झाली. तिरफळ वाटायचे नसते, हे मला त्या दिवशी कळले. आता मी आतले काळे, चकचकीत बी काढून टाकते, टरफले खलबत्त्यात फक्त ठेचते, अर्धी वाटी कोमट पाण्यात भिजवते आणि आमटीला उकळी आली की ती पाण्यासह घालते.

तिरफळ हे मिरीचे भावंड नाही. ते लिंबाच्या कुळातले, काटेरी खोडाच्या झाडाचे फळ आहे. त्यामुळे त्याच्या वासात लिंबाच्या सालीचा स्पष्ट अंश असतो, आणि जिभेला ज्या मुंग्या येतात त्या सँशूल नावाच्या घटकांमुळे, मिरचीच्या तिखटपणामुळे नव्हे. म्हणूनच मिरची कमी करून तिची उणीव तिरफळाने भरून काढण्याचा माझा प्रयत्न फसला.

बांगडा आणि तारली या तेलकट माशांचा उग्र वास ते ज्या रीतीने सौम्य करते, तसे दुसऱ्या कोणत्याही मसाल्याने होत असल्याचे मी अनुभवलेले नाही. सोबत आमसूल मात्र हवेच. पापलेटासारख्या नाजूक माशावर ते कुरघोडी करते, असे माझे मत आहे. शाकाहारी पदार्थांत उडदमेथी (उडीद आणि मेथीदाण्यांची आमटी) सर्वांत उत्तम जमली. पांढऱ्या वाटाण्याच्या उसळीतही त्याने रंगत आणली, पण तिथे चार टरफलेच पुरतात.

एक तक्रार आहे. पुडीत देठ आणि सुटे बी इतके होते की निवडल्यावर वापरण्याजोगा माल बराच कमी उरला. यापुढे उघडून पाहिल्याशिवाय मी घेणार नाही. साठवणीचेही महत्त्व कळले : प्लॅस्टिकच्या पिशवीत राहिलेल्या तिरफळांचा वास चार महिन्यांत जवळजवळ गेला, तर घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीतली अजून चांगली आहेत. तरीही चौघांच्या आमटीला पूर्वी सात टरफले पुरत होती, तिथे आता दहा घालावी लागतात. पावसाळ्याच्या अखेरीस ओली, हिरवी तिरफळे मिळाली, तर ती मिठाच्या पाण्यात घालून ठेवण्याचा विचार आहे.