कराराचा कोश: अक्सुम की यरुशलेम?

बायबलनुसार देवाने मोशेला दिलेल्या दहा आज्ञांच्या दगडी पाट्या ज्या सोन्याने मढवलेल्या पेटीत ठेवल्या होत्या, ती पेटी म्हणजे ‘कराराचा कोश’ गेली कुठे? मला दोनच उत्तरं विचारात घेण्याजोगी वाटतात.

इथिओपियाचे ख्रिस्ती सांगतात, इस्राएलचा शलमोन राजा आणि शबाची राणी यांचा मुलगा मेनेलिक याच्याबरोबर कोश आफ्रिकेत आला. त्यांच्या मते आज तो इथिओपियातल्या अक्सुम शहरात, मरियम सियोन चर्चच्या आवारात आहे. एकच संन्यासी आयुष्यभर त्याची राखण करतो. दुसऱ्या कुणालाही तो पाहता येत नाही. तिथल्या प्रत्येक चर्चमध्ये कोशाची आठवण म्हणून पवित्र केलेला ‘ताबोत’ (पाट्यांची प्रतिकृती) असतो. इतकी जिवंत श्रद्धा पाहून मन हेलावतं. पण ही कथा सविस्तर सांगणारा ‘केब्रा नगास्त’ हा ग्रंथ चौदाव्या शतकातला, म्हणजे शलमोनानंतर दोन हजारांहून अधिक वर्षांनी आलेला.

दुसरं उत्तर यरुशलेमचं. इ. स. पू. ५८६ च्या सुमारास बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याच्या सैन्याने, कोश जिथे ठेवला जायचा ते शलमोनाचं मंदिर जाळलं. बायबलमधल्या लुटीच्या यादीत पितळी खांब, हंड्या, फावडीसुद्धा आहेत. कोश मात्र नाही! सगळ्यांत मौल्यवान वस्तूच गाळली जाईल? म्हणूनच यहूदाच्या योशीया राजाने तो आधीच मंदिराखाली लपवला, ही यहुदी परंपरा मला अधिक पटते. अर्थात, तो आगीत नष्ट झाला असणंही शक्य आहे. त्याच जागी पुढे बांधलेल्या मंदिरातलं परमपवित्र स्थान, म्हणजे कोशासाठीची आतली खोली, रिकामंच होतं. मंदिराच्या टेकडीखाली शोध घेणं मात्र धार्मिक आणि राजकीय तणावामुळे आज जवळपास अशक्य आहे.