कॉन्केव्ह कटर: मृगापासून आखाजीपर्यंत वापरल्यावर

कार्बन स्टीलचा आठ इंची कॉन्केव्ह कटर (बोन्सायचं लाकूड खोलगट कापणारी, वाकड्या पात्यांची कात्री) मी मृगाच्या तोंडावर घेतला, आता आखाजीही (अक्षय्य तृतीया) होऊन गेली. जळगाव-धुळ्याच्या उन्हात बोन्साय करणाऱ्याने तो घ्यावा का? घ्यावाच. फक्त त्याचं काम कोणतं, ते आधी नीट कळायला हवं.

खोडछाटणीची रीत आपल्यापैकी बरेच जण जपानी मेपलवरून शिकतात. सरळसोट वाढलेलं खोड खाली, पेऱ्याच्या थोडं वर कापायचं. मेपलला फुटवे पेऱ्यावरच येतात आणि कापलेला तुकडा त्या पेऱ्यापर्यंत वाळत जातो, म्हणून खुंट ठेवायचा. एक फुटवा शेंडा म्हणून मोकळा सोडायचा, तो जाड झाला की खुंट तिरका काढायचा. असं पुन्हा पुन्हा केलं की खोड निमुळतं दिसू लागतं. पण मेपलला हिवाळाभर सलग थंडी लागते. आपली थंडी रात्रीपुरती, आणि मे महिन्यात पारा ४५ च्या घरात. म्हणून मी हीच रीत उंबर आणि चिंचेवर चालवली. मेपल कळ्या उमलायच्या आधी छाटतात. मी पहिला दमदार पाऊस पडून हवा ओलसर होण्याची वाट पाहिली.

मुख्य काप करवतीचाच. अंगठ्याएवढ्या लाकडाला हा कटर लावूच नये, पात्याच्या रुंदीच्या निम्म्यापर्यंतच त्याची खरी ताकद. खुंट काढल्यावर मधलं लाकूड किंचित खोलगट करणं, हे त्याचं काम. माझ्या एकाच उंबरावर दोन जखमा आहेत. खालची करवतीने सपाट केलेली, वरची कटरने खोलगट केलेली. खालच्या जखमेवर सालीची कड फुगून गाठ आली, बोट फिरवलं की अडकतं. वरच्या जखमेत तीच कड चहूबाजूंनी आत उतरली आणि खोडाच्या पातळीला येऊन थांबली. मध्ये डाळीएवढं लाकूड काय ते उघडं आहे. हा फरक पाहिल्यावर पैसे वसूल झाले असंच मला वाटलं.

जखमेच्या कडेला मी व्हॅसलिनचा पातळ हात देतो. बागायतदारांची बोर्डो पेस्ट (१ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी) बुरशीसाठी उत्तम, पण आपल्या कोरड्या वाऱ्यात साल वाळू न देणं जास्त महत्त्वाचं.

आता तक्रारी. उंबराचा चीक पात्यावर घट्ट बसतो. लगेच रॉकेलच्या फडक्याने पुसला नाही तर पुढचा काप चेंगरल्यासारखा येतो. श्रावणात रिव्हेटपाशी गंजाचे ठिपके दिसले, तेव्हापासून शिलाई मशीनचं तेल लावूनच ठेवतो. वाळकं चिंचेचं लाकूड त्याने कापू नका, धार जाते. आणि ती धार साध्या धारवाल्याकडे लावता येत नाही, पात्याची वाक बिघडते. बारीक दगडाने बाहेरच्या अंगानेच घासावी लागते.

घेताना कटर मिटून उजेडासमोर धरा. पात्यांमधून उजेडाची रेघ दिसली तर तो परत करा.