लोकल फायबर नेट, सिंहगड रोड: लाइनमनला पाच स्टार, बॉक्सला एक

ऑपरेटरचं नाव टाकत नाहीये, कारण त्याच कंपनीचं नेट आमच्याच भागात तीन वेगळे केबलवाले देतात आणि तिघांची सर्व्हिस तीन तऱ्हेची आहे, उगाच एकाच्या पापाला दुसऱ्याला शिव्या नकोत. प्लॅन १०० एमबीपीएसचा, वर्षाचे पैसे एकदम भरले की एक महिना वर. गेल्या पावसाळ्यापर्यंत तक्रार नव्हती. मग डेस्कटॉपवरचं नेट अधूनमधून गायब व्हायला लागलं, म्हणजे पूर्ण जात नाही हो, तेच तर दुखणं आहे, मीटिंगमध्ये समोरचा तोंड उघडं ठेवून गोठतो, आपण हॅलो हॅलो करत बसायचं आणि पुन्हा सगळं सुरळीत.

कस्टमर केअरला फोन केला की पहिलं वाक्य ठरलेलं, राउटर बंद करून चालू करा. दुसरं, स्पीड टेस्ट करून स्क्रीनशॉट पाठवा. एकाने तर "घरात कोणी सर आहेत का बोलायला" असंही विचारलं, त्याचे मार्क वेगळे कापलेत. आता स्पीड टेस्ट चालते अर्धा मिनिट आणि नेट पडतं दहा मिनिटातून एकदा वीस सेकंद, मग टेस्टला ९० दिसणारच ना, आणि ९० दिसलं की कंप्लेंट क्लोज.

त्यापेक्षा हे करा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा, एकीत आपल्या राउटरला पिंग लावा, म्हणजे ping लिहून पुढे त्याचा पत्ता (बहुतेक घरी १९२.१६८.१.१ असतो), ही समोरच्याला मारलेली हाक, तो उत्तर देतो का बघायचं, आणि दुसरीत ८.८.८.८ ला, हा बाहेरचा गूगलचा सर्व्हर, दोन्हीच्या शेवटी स्पेस देऊन मायनस टी टाका म्हणजे बंद करेपर्यंत चालत राहतं. नेट अडखळलं की बघायचं. दोन्हीकडे रिक्वेस्ट टाइम्ड आउट आलं तर घोळ घरातच, म्हणजे वायफाय, केबल नाहीतर कॉम्प्युटर. राउटर १-२ मिलिसेकंदात उत्तर देतोय आणि फक्त ८.८.८.८ गप्प झालाय तर लाइन किंवा त्याच्यापुढचं काहीतरी. एकाच पीसीवर, एका जागी बसून निम्मी भानगड सुटते आणि फोनवर भांडायला पुरावा मिळतो. माझ्याकडे कधी एकच गप्प, कधी दोन्ही, म्हणजे रोग दोन होते आणि म्हणूनच कुणाला काही कळत नव्हतं.

या दोन खिडक्यांचे फोटो पाठवल्यावर ऑफिसने लाइनमन पाठवला, आणि इथून रिव्ह्यूचा सूर बदलतो. पोरगं विशीतलं असेल. आल्या आल्या मोबाइल काढून राउटरला चिकटून स्पीड टेस्ट केली नाही, हेच मला आवडलं. बॉक्सच्या (म्हणजे ऑपरेटरने दिलेला राउटरच, फायबर त्यातच येते) मागची हिरवी पिन काढून प्रकाश मोजणाऱ्या छोट्या पॉवर मीटरला लावली आणि मला दाखवलं, मायनस २९ डीबीएम, आकडा शून्यापासून जितका खाली तितका प्रकाश कमी. "ताई, पंचवीसच्या आत पाहिजे, सत्तावीसच्या खाली गेलं की बॉक्स गटांगळ्या खातो." मग वायर पकडून मागे मागे गेला आणि थांबला बाल्कनीच्या सरकत्या खिडकीपाशी. इन्स्टॉलेशनच्या वेळी केबल ट्रॅकमधून आत घेतलेली, खिडकी पूर्ण बंद केली की काच तिला चेपायची. पाऊस आला, खिडकी लावली, नेट गेलं. ऊन पडलं, उघडली, नेट आलं. आणि आख्खी बिल्डिंग म्हणत होती पावसात नेट स्लो होतंच. फायबरमध्ये प्रकाश असतो हो, त्याला पाण्याचं काय, त्याला वाकवलेलं चालत नाही.

त्याने ड्रिल मारून भिंतीतून नवी वाट केली, चेपलेला तुकडा कापला, वरचं साल सोललं, आतला केसासारखा काचेचा धागा स्पिरिटच्या कापसाने पुसला, क्लीव्हरमध्ये, म्हणजे फायबर सरळ कापायच्या छोट्या यंत्रात, ठेवून टक् करून कापला आणि उडालेली कपची चिकटपट्टीवर उचलून ती पट्टी गुंडाळून खिशात टाकली, पायात घुसली तर दिसत नाही म्हणे. नवीन पिन बसवल्यावर मीटर मायनस २१. दर ३ डीबीला प्रकाश निम्मा होतो, म्हणजे ८ डीबीचा फरक म्हणजे आधीच्या सहापट उजेड. चहा घेतला, वरचे पैसे घेतले नाहीत. ८.८.८.८ वालं एकटं गप्प होणं त्या दिवसापासून बंद.

आता बॉक्स. फुकट दिलाय म्हणून किती स्वस्तातला द्यावा! वायफाय फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या बँडवर. त्या बँडमध्ये एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, आणि आमच्या बेडरूममधून दिसणारी वायफाय मोजायला बसलं तर लिस्ट संपत नाही. मायक्रोवेव्ह पण तिथेच आसपास तडफडतो. चॅनेल ऑटोवरून काढून हाताने ११ वर टाकलं, थोडा फरक पडला, फार नाही.

दुसरा रोग मात्र कुणाच्या बापाला सापडला नसता, कारण तो डेस्कटॉपच्या मागे होता. वायफायचा छोटा यूएसबी डोंगल, आणि त्याला खेटून निळ्या, म्हणजे यूएसबी ३ च्या, पोर्टमध्ये बॅकअपची हार्डडिस्क. बॅकअप सुरू झाला की राउटरचं पिंगसुद्धा मरायचं. यूएसबी ३ वर डेटा पळायला लागला की २.४ च्या बँडमध्ये गोंगाट होतो, इंटेलने २०१२ मध्येच यावर पेपर काढलाय, पण डोंगल विकणारा दुकानदार हे कधी सांगत नाही. उपाय स्वस्त, एक मीटरची एक्स्टेंशन वायर घेऊन डोंगल लांब नेऊन ठेवायचा. मी शेवटी लॅन केबलच टाकून घेतली. घेताना फुल कॉपर मागा, ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली गळ्यात मारतात, आणि आतल्या आठही वायरी पिनमध्ये क्रिंप करून घ्या, चारवर १०० एमबीपीएसच्या वर जात नाही, पुढे प्लॅन वाढवला की रडाल.

शेजारच्या काकांची तक्रार वेगळीच, १०० चे पैसे घेतात आणि डाउनलोड ११ ने होतं. काका, ते ११ मेगाबाइट आहे, आठ बिटांचा एक बाइट, १०० मेगाबिट म्हणजे साडेबारा मेगाबाइटच होतात, तुमचं नेट झकास चालू आहे. पटलेलं नाही त्यांना अजून.

बाकी पीसीवर बघण्यासारखं थोडं आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय कार्डच्या पॉवर मॅनेजमेंटची टिक काढा, नाहीतर विंडोज वीज वाचवायला कार्डच झोपवतं. आणि रिसोर्स मॉनिटर उघडून अपलोड कोण खातंय ते बघा, फोटो क्लाउडवर चढत असले की अपलोड तुंबतं आणि डाउनलोडही मुंगीच्या पावलाने चालतं.

गुरुवारी लाइट गेली तरी नेट चालतं, याचे मार्क ऑपरेटरला. घरापर्यंत फायबर असेल तर मधल्या स्प्लिटरला (एका फायबरचा प्रकाश अनेक घरांत वाटणारी डबी) वीज लागतच नाही, त्यांच्या ऑफिसला बॅकअप आणि आपल्या बॉक्सला १२ व्होल्टचा मिनी यूपीएस, बस. पण काही जण बिल्डिंगपर्यंत फायबर आणतात आणि जिन्यातल्या स्विचमधून लॅन वाटतात, जिन्यातली लाइट गेली की सगळा मजला अंधारात. कनेक्शन घेण्याआधी हे विचाराच.

रिन्यू करणार आहे. ड्युअल बँड (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्ही) बॉक्सला डिपॉझिट मागतायत, ते न देता स्वतःचा राउटर घेतला आणि लाइनमनने त्यांचा बॉक्स ब्रिज मोडवर टाकून दिला, म्हणजे तो फक्त लाइन पुढे देतो, बाकी काम माझा राउटर करतो. तुम्ही असं करणार असाल तर पीपीपीओईचा (कंपनीच्या नेटला लॉगिन करायची पद्धत) युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅन आयडी (राउटरमध्ये टाकायचा लाइनचा नंबर) ऑफिसमधून आधी लिहून घ्या, नंतर फोनवर मागितलं की परत तेच, राउटर बंद करून चालू करा.