स्काउटची नायलॉन दोरी: गाठींना चालते, लॅशिंगला नाही

गणवेशाच्या दुकानात मिळणारी ही तीन मीटरची, 8 मिलिमीटर जाडीची विणलेली नायलॉन दोरी धुवायला सोपी आणि पावसाळ्यात न कुजणारी. पण फार गुळगुळीत. रीफ नॉट (दोन टोकं बांधायची सपाट गाठ) जरा हलली की सुटते, शीट बेंड (दोन दोऱ्या जोडायची गाठ) दुहेरीच घ्यावी लागते, बोलाईनची (न आवळणाऱ्या फासाच्या गाठीची) शेपटी, म्हणजे उरलेलं टोक, निदान वीतभर ठेवावी लागते. नवशिक्या मुलाला गाठ चुकली की दोरीच घसरली, हे कळत नाही. शिकवण्याच्या दोरीत ही मोठीच खोट.

लॅशिंगला, म्हणजे बांबू एकमेकांना दोरीने घट्ट बांधायला, तर लांबीच अपुरी. पाच सेंटिमीटर जाडीचे दोन बांबू काटकोनात बांधायचे तर क्लोव्ह हिच (दोरी बांबूला अडकवायची गाठ), तीन वेढे, मधून दोन आवळे (बांबूंच्या मधून घेतलेले, आधीचे वेढे घट्ट करणारे फेरे) आणि शेवटची क्लोव्ह हिच यात साडेतीन मीटर सहज जातात. आवळे ढिले राहिले की सगळा सांगाडा डुगडुगतो, आणि भिजलेलं नायलॉन भाराखाली आणखी ताणतं. कॅम्पसाठी सरळ सुती किंवा तागाची दोरी घ्या, वापरून झाल्यावर सावलीत वाळवा.

कापलेली टोकं उसवतात. ती मेणबत्तीवर वितळवण्याचं काम स्काउटमास्तरांनीच करावं. वितळलेलं नायलॉन बोटाला चिकटून भाजतं.

वेष्टनावर भारक्षमता छापलेली नाही, तेव्हा मंकी ब्रिजला (दोरांच्या झुलत्या पुलाला) किंवा उतारावर मुलांना आधार द्यायला ही दोरी अजिबात वापरू नका.